निम्मी खरी, निम्मी खोटी वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, निम्मी खरी आणि निम्मी खोटी. स्वतःबद्दल असे सांगताना मला लाज वाटते. पण माझ्यात काय लिहिले जावे हे मी ठरवले नव्हते, आणि जे खोटे होते ते पुसायला मला हात नव्हते. चौदा वर्षे मी ते पोटात धरून पडून होते. त्या वर्षांची आणि त्यातून सुटण्याची ही हकीकत आहे.

माझा जन्म वाराणसीतला. कबीरचौऱ्याजवळ एका बोळात बाइंडिंगचे दुकान होते. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने मला सुती दोऱ्याने शिवले, पाठीला खळ लावली आणि पुठ्ठ्यावर गडद हिरवे कापड चढवले. माझ्याबरोबर शिवलेल्या वह्यांतली कोणी पाठशाळेत गेली, कोणी गाणे शिकणाऱ्या मुलीच्या घरी. मलाही वाटे, आपल्यावर कोणीतरी श्लोक उतरवील, निदान एखादा राग तरी. माझ्या नशिबी आमटी आली. पण तिचे मला कधी वाईट वाटले नाही.

मला विकत घेतले ते इंदूबाईंनी. दुर्गाघाटावरची गल्ली इतकी अरुंद आहे की समोरून गाय आली तर माणसाने कोणाच्या तरी दारात शिरावे. तिथे वेणीमाधवभटजींचे तीन मजली घर आहे. महाराष्ट्रातून काशीला येणारी मंडळी त्यांच्याकडे उतरतात. भटजी त्यांचे विधी करतात आणि जेवण घरचे असते. ते जेवण इंदूबाई रांधत. त्या भटजींच्या धाकट्या बहीण. लग्न होऊन जबलपूरला गेल्या, दोन वर्षांत नवऱ्याने दुसरे घर मांडले, आणि चोविसाव्या वर्षी त्या परत आल्या. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरचे स्वयंपाकघर त्यांचे झाले. खरे म्हणजे त्या स्वतःच स्वयंपाकघराच्या झाल्या.

एकदा नाशिकहून मधुवंतीबाई नावाच्या पाहुण्या आल्या. त्यांचा नाशिकला स्वयंपाकाचा वर्ग होता. आठ दिवस त्या इंदूबाईंच्या हातचे जेवल्या आणि निघताना म्हणाल्या, "इंदूताई, माझ्याकडे या. मुलींना शिकवा. घरात एक खोली रिकामी आहे, ती तुमची. एवढा हात या गल्लीत बंद करून ठेवलाय तुम्ही."

इंदूबाई तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. चार दिवस त्यांनी ते बोलणे मनात घोळवले आणि मग भावाला विचारले.

"जा की," भटजी म्हणाले. "मी कशाला अडवू? फक्त जाण्याआधी सगळं लिहून ठेव. तुझ्यामागे तुझ्या वहिनीचं अडायला नको. दोन-तीन महिने लागू देत, पण नीट लिही. मग मी स्वतः तुला नाशिकला पोचवतो."

त्याच दुपारी इंदूबाई दुकानात आल्या आणि मला घेऊन गेल्या.

मित्रांनो, ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. दुपारी भांडी पालथी झाली की इंदूबाई खिडकीशी बसत आणि लिहीत. इतके घ्या, तितके घाला, एवढ्यावर त्यांचे भागत नसे. मसालेभातात त्यांनी लिहिले, 'तांदूळ परतताना हाताला झोंबेल इतका गरम झाला पाहिजे. इथे घाई केली की भात गिचका होतो. माझा तीनदा झाला.' पहिल्याच पानावर त्यांनी लिहून ठेवले, 'वाटी म्हणजे चहाचे दीड कप. पाहुण्यांच्या वाट्या लहान आहेत, त्या घेऊ नयेत.' कढीपाशी लिहिले, 'फुटायला लागली तर घाबरू नये, खाली उतरवून ढवळावी.' लिहिता लिहिता त्या हसत. मला वाटे, ही बाई आपल्यातून कोणाशी तरी बोलते आहे, जी अजून या स्वयंपाकघरात आलेली नाही.

अठ्ठावन्नावे पान संपले त्या दिवशी पत्र आले. भटजी रामनगरला एका घरी वास्तुशांतीला गेले होते, म्हणून डाकियाने ते इंदूबाईंच्याच हातात दिले. पत्र मधुवंतीबाईंचे होते. त्यांनी लिहिले होते, 'आपल्या बंधूंचे पत्र पोचले. आपली इकडे येण्याची इच्छा नाही आणि तसे सांगायला आपल्याला संकोच वाटतो, असे त्यांनी कळवले आहे. वाईट वाटले, पण आपला निर्णय मी समजू शकते. वर्गासाठी दुसऱ्या बाई ठरवल्या आहेत.'

इंदूबाईंनी ते पत्र तीनदा वाचले. मग घडी घालून माझ्या अठ्ठावन्नाव्या आणि एकोणसाठाव्या पानांमध्ये, अगदी शिवणीपर्यंत, खोल सारून दिले. संध्याकाळी भटजी आले, जेवले, आमटी छान झाली म्हणाले. इंदूबाई त्यांना काही बोलल्या नाहीत. भांडायचे तर कोणाच्या घरात राहून भांडायचे?

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकोणसाठावे पान उघडले आणि वर लिहिले, 'अनरसे.'

अक्षर तेच होते, वळणदार आणि स्वच्छ. पण पेन इतके दाबून चालले होते की पुढच्या तीन पानांवर वळ उठले. 'तांदूळ रात्रभर भिजवावे. सकाळी कडक उन्हात वाळवून दळावे. तांदळाइतकाच गूळ घालावा. अर्धी वाटी दूध घालून मळावे व लगेच तळावे.' ज्या बाईच्या अनरशांसाठी पाहुणे पुन्हा पुन्हा काशीला येत, तिने हे लिहिले. मग चिरोटे, नारळाच्या वड्या, कडबोळी, साटोऱ्या. बावीस कृती, बावीसही खोट्या. कुठे मोहन गाळले, कुठे पाक कच्चा ठेवला, कुठे दोन दिवसांचे काम दोन तासांत उरकले. लिहिताना एकदाच त्या ओठांतल्या ओठांत बोलल्या, "मी हवी ना तुम्हाला? मग मीच लागेन."

मी पुरी भरले तशी त्यांनी मला भावापुढे ठेवले. भटजींनी चार पाने चाळली.

"वा! काय सुरेख अक्षर आहे गं तुझं!" ते म्हणाले, आणि मला लोखंडी कपाटात ठेवून किल्ली फिरवली. नाशिकचे नाव त्या घरात पुन्हा निघाले नाही.

कपाटात मी सोवळ्याच्या रेशमी वस्त्रांखाली होते. वर डांबराच्या गोळ्यांचा वास, बाजूला जुनी पंचांगे. दाराच्या फटीतून स्वयंपाकघराचे आवाज येत. खलबत्ता, कुकरची शिट्टी, इंदूबाईंच्या बांगड्या. त्यांना माझी गरज नव्हती, सगळे त्यांच्या हातात होते. मीही अडकले आणि त्याही. मला किल्लीने कोंडले होते. त्यांना कोणी कोंडले नव्हते, तरी त्या कुठे जाऊ शकत नव्हत्या. आणि माझ्यावर तर आणखी एक ओझे होते. आपल्यात खोटे आहे हे ठाऊक असून ते कोणाला सांगता येत नाही, यासारखी कोंडी नाही.

गेल्या वर्षी संक्रांतीला इंदूबाई तिळाचा पाक ढवळता ढवळता खाली कोसळल्या. डॉक्टरांनी लकवा सांगितला. उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. इस्पितळातून आणल्यावर स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत त्यांची खाट टाकली. जिना उभा, गल्लीत गाडी येत नाही, खाली न्यायचे तर चार माणसे हवीत. त्यामुळे त्या खाली उतरल्याच नाहीत. खिडकीतून गंगेची एक पट्टी दिसते, तिच्याकडे बघत त्या पडून असत.

कपाट उघडले ते तेव्हा. भटजींनी मला झटकून आपल्या सुनेच्या हातात दिले.

ही सून म्हणजे रुचा. ग्वाल्हेरची मुलगी, वडिलांचे तिथे औषधांचे दुकान. स्वतः फार्मसी शिकलेली. भटजींचा मुलगा विश्वजीत रामनगरच्या बँकेत आहे, त्याच्याशी तिचे लग्न होऊन दोन-तीन महिनेच झाले होते. काशीतल्याच लंका नावाच्या भागातल्या एका इस्पितळाच्या औषधविभागात तिची निवडही झाली होती. तिथला एक जण रजेवर जाणार होता, त्याच्या जागी जूनअखेर हजर व्हायचे होते.

"नोकरी कुठे पळून जातेय?" भटजी तिला म्हणाले. "आधी स्वयंपाकघर हाती घे. यंदा अधिक महिना आहे, मंडळींची रीघ लागेल. तो नीट पार पडू दे, मग बघू. आणि घाबरायचं काय त्यात? वहीत सगळं लिहिलेलं आहे."

मित्रांनो, ते ऐकून माझे कापड उसवते की काय असे वाटले. असेच एक आश्वासन पूर्वी इंदूबाईंनाही मिळाले होते.

पहिले काही आठवडे बरे गेले. रुचा माझ्या सुरुवातीच्या पानांतून रांधत होती. मसालेभात जमला, कढी जमली. सासूबाई कस्तुरीबाईंचे गुडघे धरले होते, त्या पाटावर बसून चव बघत आणि मान डोलवत. मग पाहुण्यांना गोडधोड लागू लागले, आणि रुचा अठ्ठावन्नाव्या पानाच्या पलीकडे गेली. दोन पाने एकमेकांना जरा चिकटली होती, तिने ती तशीच उलटली, त्यामुळे पत्र काही तिच्या हाती लागले नाही.

चिरोटे दगडासारखे झाले. नारळाच्या वड्या ताटात पसरून राहिल्या, चमच्याने खायची वेळ आली. पुण्याच्या एका आजोबांनी कडबोळे खाऊन बघितले आणि हळूच कठड्यावरच्या माकडापुढे टाकले. माकडानेही ते हुंगून टाकून दिले. खालच्या मजल्यापर्यंत लोक हसले. रुचा स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती.

"हात बसायला वेळ लागतो," कस्तुरीबाई आधी म्हणाल्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यांचाही धीर सुटला. "वहीत लिहिलंय, तू वाचतेस, आणि तरी बिघडतं. मग दोष कुणाचा, वहीचा? इंदूताईंनी एवढं जीव ओतून लिहिलं, त्याचं काहीतरी चीज कर!"

शेजारच्या खोलीत इंदूबाई हे ऐकत होत्या. त्यांच्या घशातून एक घोगरा आवाज आला. कस्तुरीबाईंना वाटले, पाणी हवे आहे.

त्या संध्याकाळी रुचा विश्वजीतला म्हणाली, "मैं फँस गयी हूँ यार. जितकं बिघडतं तितकं हे किचन मला धरून ठेवतंय. बाबा म्हणतात, नीट जमलं की जा. आणि नीट तर जमतच नाही."

"एक महिना तर आहे," विश्वजीत म्हणाला. "मन लगाके कर ना."

"मन नाही लावत असं वाटतं तुला?"



अधिक महिना लागला. साताऱ्याहून एक कुटुंब येणार होते. नव्या जावयाला काशीत, गंगेच्या काठी, तेहेतीस अनरशांचे वाण द्यायचे, असा त्यांच्या घरच्या आजींचा हट्ट होता. भटजींनी शब्द दिला होता, "अनरसे आमच्या घरचेच असतील." मंडळी यायला दहा दिवस होते. रुचाने आधी थोडे करून पाहायचे ठरवले. माझे एकोणसाठावे पान समोर ठेवून तिने अक्षर अन् अक्षर पाळले.

पहिला अनरसा तुपात सोडला. तो क्षणभर तरंगला, मग त्याला भोके पडली, मग तो सगळ्या कढईभर विरघळला. अनरसा असा तुपात विरला की आपल्याकडे 'अनरसा हसला' म्हणतात. एकामागून एक सहाही हसले. कढईत तपकिरी लगदा फेसाळत राहिला.

कस्तुरीबाई कपाळाला हात लावून बसल्या. "आता ह्यांना काय सांगू? बाजारचे आणून वाण देतात का कुठे?"

रुचाने गॅस बंद केला, मला उचलले आणि इंदूबाईंच्या खोलीत आली. दुपार टळत होती. ती खाटेशेजारी जमिनीवर बसली.

"आत्या, मी कुठे चुकते ते मला कळत नाहीये," ती म्हणाली. "तुम्हाला बोलता येत नाही, माहीत आहे. मी नुसतं वाचते. तुम्ही ऐका."

आणि ती वाचू लागली. 'तांदूळ रात्रभर भिजवावे.' इंदूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवले. 'तांदळाइतकाच गूळ घालावा.' त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आले. रुचाला वाटले, दुखते आहे. तिने उशी सारखी केली, पाणी पाजले. मग तिने मला पुन्हा मांडीवर घेतले.

ग्वाल्हेरच्या दुकानात तिच्या वडिलांनी तिला एक सवय लावली होती. चिठ्ठी हातात आली की लगेच फळीकडे वळायचे नाही. आधी ती पुरी वाचायची. वय काय, मात्रा काय, किती वेळा, आणि हे औषध त्या औषधाबरोबर चालते का. डॉक्टर कितीही मोठा असो, चिठ्ठी पटली नाही तर पुडी बांधायची नाही. रुचा स्वतःशीच पुटपुटली, "अरे, ही चिठ्ठी मी कधी नीट वाचलीच नाही. डायरेक्ट पुडी बांधत बसले."

तिने मला पहिल्या पानापासून उघडले. दोन तास ती वाचत होती. काही रांधायचे नव्हते, नुसते पारखायचे होते. आणि माझ्या अंगावरून पहिल्यांदाच कोणाची तरी नजर अशी फिरत होती.

सुरुवातीच्या पानांत प्रत्येक कृतीत कुठेतरी एक भीती लिहिलेली होती. इथे जपा, इथे बिघडते, बिघडले तर असे करा. पदार्थ कसा दिसला पाहिजे, हाताला कसा लागला पाहिजे, वास कधी येतो. नंतरच्या पानांत नुसते हुकूम होते. एकही खूण नाही आणि एकही इशारा नाही. ज्याने पदार्थ शंभरदा केला आहे त्याला तो कुठे दगा देतो हे ठाऊक असतेच. मग शंभरदा केलेल्या बाईने ते एकदाही का लिहू नये?

मग तिने मात्रा बघितल्या. गूळ तुपात तापला की वितळणार. पिठाइतकाच गूळ आणि वर दूध, तर अनरशाला धरून ठेवणार कोण? साहित्याच्या यादीत खसखस होती, कृतीत ती कुठेच नव्हती. चिरोट्यांच्या यादीत मोहनाचे तूप होते, कृतीत नव्हते. एक चूक विसरून होते. बावीस कृतींत बावीस विसर पडत नाहीत.

खोट्या पानांची सुरुवात शोधत ती मागे मागे आली आणि त्या दोन चिकटलेल्या पानांशी थांबली. नखाने तिने ती सोडवली. पत्र तिच्या मांडीवर पडले.

तिने ते वाचले. वरची तारीख बघितली. मग खाटेकडे बघितले. इंदूबाई आता तिच्याकडेच बघत होत्या.

"आत्या," रुचा हळू आवाजात म्हणाली, "हे तुम्ही मुद्दाम लिहिलंत?"

इंदूबाईंचा डावा हात चादरीवरून सरकला. खाटेच्या लाकडावर त्यांनी एकदा टकटक केले.

रुचा उठून गच्चीवर निघून गेली. मी जमिनीवर उघडी पडून राहिले. मित्रांनो, त्या घटकेला मला वाटले, आता ही खाली जाणार आणि सगळ्यांना सांगणार. सांगितले असते तरी तिचे काय चुकले असते? कित्येक आठवडे ती दुसरीच्या रागाची शिक्षा भोगत होती. इंदूबाईंनी जाळे विणले ते भावासाठी, अडकली ही.

ती परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"मला तुमचा राग आलाय आत्या. खूप राग आलाय," ती म्हणाली. "तुमचा पण आणि बाबांचा पण. पण राग मी नंतर करीन. नऊ दिवस आहेत. तुम्ही मला अनरसे शिकवणार का?"

एकदा टकटक.

"बरोबर असेल तर एकदा वाजवायचं. चूक असेल तर हात असा आडवा फिरवायचा. ठीक है?"

टकटक.

असे ते शिक्षण सुरू झाले. रुचा एक ओळ वाचे आणि विचारी. "रात्रभर?" हात आडवा. "दोन दिवस?" आडवा. "तीन?" टकटक. "पाणी रोज बदलायचं?" टकटक, आणि मग पुन्हा एकदा टकटक. रुचाला कळेना. मग खिडकीतून लूचा गरम वारा अंगावर आला आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "उन्हाळा आहे म्हणून दिवसातून दोनदा?" इंदूबाईंच्या तोंडाचा डावा कोपरा हलला. बऱ्याच महिन्यांनी त्या हसत होत्या.

तांदूळ निथळून सावलीत पसरायची वेळ आली. रुचा घड्याळ लावून ओट्याशी गेली, तेवढ्यात खाटेवर इतक्या जोराने टकटक सुरू झाली की कस्तुरीबाईही लंगडत आल्या. रुचा धावत आली. "काय झालं? उचलू?" टकटक. बनारसच्या ज्येष्ठात सावलीतसुद्धा तांदूळ बघता बघता कोरडाठाक होतो. तिने मूठभर आणून इंदूबाईंच्या डाव्या हातात दिला. त्यांनी तो बोटांत चुरला, क्षणभर डोळे मिटले आणि मान हलवली. तांदूळ ओलसर होता, हाताला गार लागत होता. लगेच कुटला. गूळ तांदळाच्या पाऊणपट. दूध नाहीच. पीठ डब्यात दाबून पाच दिवस मुरायला ठेवले.

कस्तुरीबाई दारात उभ्या राहून सगळे बघत होत्या. "वहीत तर असं नाहीये," त्या म्हणाल्या.

"नाहीये आई," रुचा म्हणाली. "तुम्हाला सांगेन. आधी अनरसे होऊ देत."

साताऱ्याची मंडळी आली त्या सकाळी रुचाने कढई ठेवली. इंदूबाईंना दिसावे म्हणून मधले दार उघडे टाकले होते. खसखशीवर थापलेला पहिला अनरसा, खसखशीची बाजू वर, तुपात गेला. त्यावर झाऱ्याने तूप उडवत राहिली. त्याला बारीक जाळी पडली आणि तो कडेने सोनेरी होत जागच्या जागी राहिला. दुसराही. सगळेच जमले असे नाही. चौथा जरासा हसला, तेव्हा इंदूबाईंनी हात आडवा करून खाली दाबल्याची खूण केली, आणि रुचाने आच कमी केली. दुपारपर्यंत एकेचाळीस झाले. त्यातले सहा फसले. तेहेतीस पितळी ताटात मांडले, वर दिवा ठेवला, आणि उरलेल्या दोहोंतला एक रुचाने मोडून इंदूबाईंच्या तोंडात घातला.

घाटावरून परतलेले भटजी जिना चढतानाच बोलत होते. "आजी तर खूश! म्हणाल्या, असे अनरसे साताऱ्यातही मिळत नाहीत. मी म्हणत नव्हतो? वहीत सगळं आहे. नीट वाचलं की जमतं!"

"बाबा, वहीत नव्हतं," रुचा म्हणाली. "वहीत लिहिलंय त्याने अनरसे हसतात. हे आत्यांनी शिकवलं, हाताच्या खुणांनी."

"म्हणजे? वही तिनंच लिहिली ना?"

"हो. इथपर्यंत खरी लिहिली." तिने मला अठ्ठावन्नाव्या पानावर उघडून त्यांच्यापुढे ठेवले. "मग हे पत्र आलं."

भटजींनी चष्मा लावला. पत्र एवढे मोठे नव्हते, पण ते बराच वेळ वाचत राहिले. खाली कोणी यजमान हाका मारत होते, त्यांनी ओ दिली नाही. कस्तुरीबाईंनी त्यांच्या खांद्यावरून वाचले आणि तोंडाला पदर लावला.

"अहो, तुम्ही तर म्हणाला होतात की नाशिकच्या बाईंनीच नको म्हणून कळवलं!"

भटजी उठून शेजारच्या खोलीत गेले. खाटेवर बहिणीच्या पायाशी बसले. आयुष्यभर मोठ्या आवाजात मंत्र म्हणणारा माणूस, पण त्यांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

"इंदे, तू गेलीस तर घर कसं चालणार, याची मला भीती वाटली. म्हणून तुझ्या नावानं मी खोटं लिहिलं."

इंदूबाईंनी त्यांच्याकडे सरळ बघितले. हात उचलला. खाटेच्या लाकडावर एकदाच, स्वच्छ, टकटक केले. बरोबर.

क्षमा केली असे काही त्यात नव्हते. पण चौदा वर्षे दोघांमध्ये असलेले खोटे त्या दिवशी संपले. भटजी डोळे पुसत उठले आणि रुचाला म्हणाले, "इस्पितळात कधी हजर व्हायचंय तुला? तारीख चुकवू नकोस. इकडचं आम्ही बघू."

मित्रांनो, आता पुढचे थोडे. त्या पावसाळ्यात इंदूबाईंनी डाव्या हाताने पेन्सिल धरायला सुरुवात केली. त्यांचे पहिले काम म्हणजे माझ्या खोट्या पानांवर रेघ मारणे. रेघ वाकडी जाई, कागद फाटे, दिवसाला एखादे पान होई. बावीसही पाने त्यांनी स्वतः खोडली. रुचा रविवारी शेजारी बसते आणि टकटक ऐकत खरी कृती समासात लिहिते. चौदा झाल्या आहेत. काही इंदूबाईंनाच आठवत नाहीत, त्या पानांवर नुसती रेघ आहे. दिवाळीनंतर भटजींनी गल्लीतली चार मुले बोलावून बहिणीला खुर्चीसकट खाली नेले. नावेत बसून त्या रामनगरपर्यंत जाऊन आल्या. नाशिक काही त्यांना आता मिळणार नाही. ते मिळायला हवे होते, एवढे मी सांगून ठेवते.

आता स्वयंपाकाला जवळच्या दूधविनायक मोहल्ल्यातून बकुळमावशी येतात. त्या मला आधी शेवटपर्यंत वाचतात, मगच गॅस पेटवतात. माझ्या कापडावर तुपाचे डाग आहेत, शिवण सैल झाली आहे, आणि मला त्याचे काही वाटत नाही. कपाटातल्या कोऱ्या स्वच्छपणापेक्षा हे कितीतरी बरे.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी एखादी कृती हातात घ्याल, वहीतली, पुस्तकातली किंवा मोबाइलवरची. सुंदर अक्षराला आणि रंगीत चित्राला भुलू नका. आधी ती शांतपणे वाचा. मोजमाप जुळते का बघा, यादीतला प्रत्येक जिन्नस कामी येतो का बघा, आणि लिहिणाऱ्याने कुठे चुकायला होते ते सांगितले आहे का बघा. न पटलेली कृती आंधळेपणाने करून स्वतःच्या हाताला दोष देऊ नका. आणि तुमच्या घरात जी व्यक्ती वर्षानुवर्षे रांधते आहे, तिच्याकडून कृती लिहून घेण्याआधी तिला एवढे विचारा, की तुला कुठे जायचे आहे का? उत्तर येईपर्यंत थांबा. आणि ते आले की तिला जाऊ द्या.